रुंद सिग्नलमध्ये घुसलेली बारीक शिट्टी कशी काढतात?

अमेरिकेत स्थायिक झालेला मुलगा सुट्टीत ठाण्याला येतो आणि आई-बाबांसाठी कॉर्डलेस फोनचा सेट घेऊन येतो. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या उंच सोसायटीत, पंधराव्या मजल्यावर, खिडकीलगतच्या टेबलावर त्या फोनचा बेस विराजमान होतो. फोन झकास चालतो. समोरच्या गच्चीवरच्या मोबाइल टॉवरला मात्र त्या दिवसापासून कमी ऐकू यायला लागतं. आसपासच्या लोकांचे कॉल खरखरतात, नेट अडखळतं आणि सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मोबाइल कंपनीचा उद्धार सुरू होतो. कंपनीचा यात काही गुन्हा नसतो.

भानगड फ्रीक्वेन्सीची आहे. अमेरिकेत ‘डेक्ट ६.०’ या नावाने विकले जाणारे कॉर्डलेस फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात बोलतात. तिकडे तो पट्टा त्यासाठी मोकळा आहे. आपल्याकडे १९२० ते १९८० मेगाहर्ट्झ हा पट्टा मोबाइलकडून टॉवरकडे जाणाऱ्या सिग्नलचा. आधी त्यावर थ्रीजी चालायचं, पुढे त्याच जागेवर फोरजी आलं. भारतात मान्य असलेले डेक्ट फोन १८८० ते १९०० मध्ये चालतात, म्हणून ते कुणाच्या वाटेला जात नाहीत. त्यात आणखी एक गंमत आहे. कुणी बोलत नसलं तरी कॉर्डलेसचा बेस गप्प बसत नाही. आपण जागेवर आहोत हे हँडसेटला कळावं म्हणून तो दर १० मिलिसेकंदांनी सुमारे ०.४ मिलिसेकंदाचा एक ठोका हवेत सोडत राहतो. हँडसेट बंद करून उपयोग नाही, बेसचा प्लग काढावा लागतो.

हा ठोका किती जोरदार असेल? ठोक्याच्या क्षणी बेसची ताकद १०० मिलिवॉट धरा. टॉवर २०० मीटरवर, मध्ये भिंत नाही. एवढ्या अंतरात मोकळ्या हवेत हा सिग्नल सुमारे ८४ डेसिबलने क्षीण होतो. (डेसिबलचं गणित फार नाही: १० डेसिबल म्हणजे १० पट, २० म्हणजे १०० पट, ३० म्हणजे १००० पट.) इतकं क्षीण होऊनही तो टॉवरच्या रिसीव्हरमधल्या उष्णतेच्या मूळ गोंगाटापेक्षा ४० डेसिबल, म्हणजे दहा हजार पट वर राहतो. टॉवरची अँटेना सिग्नल गोळा करून आणखी मोठा करते, ते यात धरलेलं नाही. आणि ज्या मोबाइलचं बोलणं टॉवरला ऐकायचं आहे, तो लांबवर असेल तर त्याचा सिग्नल जेमतेम त्या गोंगाटाच्या पातळीवर असतो, कधी तिच्याही खाली.

थ्रीजीचा एक कॅरियर, म्हणजे बोलणं वाहून नेणारा एक सिग्नल, ५ मेगाहर्ट्झ रुंद. डेक्टचा सिग्नल १.७ मेगाहर्ट्झच्या आसपास. रुंद सिग्नलच्या अंगणात येऊन बसलेला हा अरुंद पाहुणा म्हणजेच नॅरोबँड इंटरफिअरन्स. यातलं अरुंद-रुंद हे सापेक्ष आहे. २० मेगाहर्ट्झच्या वायफायपुढे १ मेगाहर्ट्झचं ब्लूटूथ अरुंद. पण फोनमध्ये हल्ली येणाऱ्या, ५०० मेगाहर्ट्झ रुंदीच्या अल्ट्रा-वाइडबँडपुढे तेच वायफाय अरुंद ठरतं. एका ठिकाणचा पीडित दुसऱ्या ठिकाणी उपद्रवी.

साउंडवाल्याची युक्ती

गणेशोत्सवाच्या मांडवात वक्ता रंगात आलेला असतो आणि माइक अचानक ‘कूंऽऽ’ करतो. अनुभवी साउंडवाला पूर्ण आवाज कमी करत नाही. त्याच्यासमोर ३१ दांड्यांचा ग्राफिक इक्वलायझर असतो. त्यातली शिट्टीच्या फ्रीक्वेन्सीची नेमकी एक दांडी तो खाली ओढतो. शिट्टी मरते, भाषण चालू राहतं. माणसाचा आवाज खूप फ्रीक्वेन्सींवर पसरलेला असल्याने त्यातली एक चिंचोळी फट गेली तरी कुणाला कळत नाही. घाबरून आठ-दहा दांड्या ओढल्या तर मात्र वक्ता डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो.

रेडिओत हेच काम नॉच फिल्टर करतो, आणि हिशेबही तसाच दिलासा देणारा आहे. २० मेगाहर्ट्झच्या सिग्नलमधून १ मेगाहर्ट्झ कापून फेकला तर ऊर्जा गेली ५ टक्के, म्हणजे ०.२ डेसिबलच्या थोडं वर. एवढ्याशा किमतीत दहा हजार पट मोठा उपद्रव घालवता येत असेल तर सौदा फारच स्वस्त आहे.

पण साउंडवाल्याला कान आहेत. शिट्टी कुठली आणि भाषण कुठलं, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. रिसीव्हरपुढे येतो तो नुसता आकड्यांचा प्रवाह, ज्यात हवा असलेला सिग्नल, गोंगाट आणि उपद्रव एकमेकांत मिसळलेले. उपद्रव कोणत्या फ्रीक्वेन्सीवर आहे ते आधी माहीत नाही, तो सरकतो, येतो-जातो. यातून तो ओळखायचा कसा, हाच या विषयाचा गाभा आहे.

दोनदा गुणलं की मूळ परत

पहिला बचाव थ्रीजी आणि जीपीएससारख्या यंत्रणांच्या रचनेतच आहे. त्यात प्रत्येक बिट तसाच पाठवत नाहीत. अधिक एक आणि उणे एक यांच्या, वरवर कसाही दिसणाऱ्या पण आधीच ठरलेल्या वेगवान कोडने त्याला गुणतात. त्यामुळे मुळातला अरुंद सिग्नल पसरून रुंद होतो. रिसीव्हर त्याच कोडने पुन्हा गुणतो. अधिक एकचा वर्ग एक, उणे एकचाही वर्ग एक, त्यामुळे कोड नाहीसा होतो आणि सिग्नल आक्रसून पुन्हा अरुंद होतो. वाटेत घुसलेला उपद्रव या कोडने एकदाच गुणला जातो, म्हणून त्याची गत उलटी होते. तो अरुंद होता, आता पसरून पातळ होतो. मग एक चिंचोळा फिल्टर लावायचा. हवा तो सिग्नल आख्खा आत, उपद्रवाचा फक्त एक कवडसा आत.

फायदा किती, हे सिग्नल किती पट पसरवला त्यावर ठरतं. थ्रीजीचा साधा कॉल सेकंदाला १२.२ किलोबिटचा आणि कोडचा वेग सेकंदाला ३८.४ लाख. भागाकार सुमारे ३१५, म्हणजे २५ डेसिबल. जीपीएसमध्ये सेकंदाला ५० बिट आणि कोडचा वेग सेकंदाला १०,२३,०००, म्हणजे वीस हजार पटींहून जास्त, ४३ डेसिबल. उपग्रहाकडून येणारा जीपीएसचा सिग्नल जमिनीवर पोहोचेपर्यंत गोंगाटाच्याही पन्नासेक पट खाली गेलेला असतो. तरीही माजिवड्याच्या पुलाखाली नकाशावर आपण कोणत्या लेनमध्ये आहोत याचा गोंधळ सोडला, तर एरवी फोनला आपली जागा बरोबर सापडते, ती या ४३ डेसिबलच्या जिवावर.

आता वरच्या कॉर्डलेसकडे पाहा. उपद्रव ४० डेसिबल, बचाव २५. उरले १५ डेसिबल. म्हणजे गोंगाटाच्या पातळीवर येणाऱ्या मोबाइलपेक्षा, सगळं गुणून झाल्यावरही, तो ठोका तीसपट मोठाच आहे. टॉवर मग मोबाइलना सांगतो, जोरात बोला. सगळे ताकद वाढवतात, बॅटऱ्या लवकर उतरतात, आणि लांबचे मोबाइल कमाल ताकदीला पोहोचूनही ऐकू येत नाहीत.

जीपीएसचाही एक हळवा कोपरा आहे. त्याचा नागरी कोड दर मिलिसेकंदाला पहिल्यापासून सुरू होतो. जे नियमाने पुन्हा पुन्हा येतं ते सलग पसरत नाही, कंगव्यासारखं दातादातांनी पसरतं. इथे दर एक किलोहर्ट्झला एक दात. उपद्रवाचा सूर नेमका एखाद्या ठळक दातावर बसला तर पुस्तकातले ४३ डेसिबल प्रत्यक्षात मिळत नाहीत. म्हणून नुसत्या पसरवण्यावर विसंबून चालत नाही, गुणाकाराच्या आधीच उपद्रव काढावा लागतो.

पुढचा आकडा सांगता येतो का?

या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग इथे सुरू होतो.

एका शुद्ध सुराचे, म्हणजे साइन लहरीचे, ठरावीक अंतराने आकडे घ्या. एका फेऱ्यात आठ आकडे येतील असे घेतले तर ते साधारण असे दिसतील: ०, ०.७०७, १, ०.७०७, ०, उणे ०.७०७… आता एक खेळ. शेवटच्या आकड्याला १.४१४ ने गुणा आणि त्याच्या आधीचा आकडा वजा करा. शेवटचा १, आधीचा ०.७०७: १.४१४ वजा ०.७०७, उत्तर ०.७०७. बरोबर, पुढचा आकडा तोच आहे. पुन्हा करा: ०.७०७ गुणिले १.४१४ म्हणजे १, वजा १, उत्तर ०. हेही बरोबर. त्यापुढचा उणे ०.७०७, तोही निघतो. फ्रीक्वेन्सी बदलली तर १.४१४ च्या जागी दुसरा आकडा येईल, पण रीत तीच. शुद्ध सुराचं सगळं भविष्य त्याच्या मागच्या दोन आकड्यांत लिहिलेलं असतं.

आता पसरवलेला सिग्नल घ्या. अधिक एक, उणे एक, उणे एक, अधिक एक… कोड ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी पुढचा आकडा म्हणजे नाणेफेक. मागचे शंभर पाहून काही कळत नाही. गोंगाटही तसाच.

रिसीव्हरला जे कान नव्हते ते इथे मिळतात. येणाऱ्या मिश्र प्रवाहाचा पुढचा आकडा मागच्या काही आकड्यांवरून वर्तवायचा प्रयत्न करा. त्यातला जेवढा भाग वर्तवता आला तेवढा उपद्रव, कारण बाकीच्यांचा अंदाज बांधताच येत नाही. तो वजा करा. हातात राहील तो हवा असलेला सिग्नल आणि थोडा गोंगाट. उपद्रव कोणत्या फ्रीक्वेन्सीवर आहे हे विचारावंच लागलं नाही.

यातला गुणक, वरच्या उदाहरणातला १.४१४, आधी माहीत नसतो. तो यंत्र स्वतः शिकतं. प्रत्येक वेळी अंदाज करायचा, प्रत्यक्ष आकड्याशी ताडून पाहायचा, आणि चूक ज्या दिशेला झाली तिच्या उलट दिशेला गुणक किंचित ढकलायचे. एवढीच कृती, सेकंदाला लाखो वेळा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात बर्नार्ड विड्रो आणि टेड हॉफ यांनी १९६० मध्ये ही पद्धत मांडली, आणि ‘एलएमएस’ या नावाने ती आजही जगभरच्या मॉडेमांत आणि आवाजातला प्रतिध्वनी काढणाऱ्या सर्किटांत राबते आहे. यातले हॉफ पुढे इंटेलमध्ये गेले आणि पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या जन्मात सहभागी झाले. आजकाल ‘मशीन लर्निंग’ म्हटलं की डोळे विस्फारतात, पण चुकीवरून गुणक सुधारण्याचं हे काम फोनच्या तारांमध्ये कित्येक दशकं बिनबोभाट चाललेलं आहे.

किती जोराने ढकलायचं, हा मात्र कळीचा प्रश्न. जोरात ढकललं तर यंत्र पटकन शिकतं, सरकणाऱ्या उपद्रवाच्या मागे धावू शकतं, पण गोंगाटालाही खरं मानून सतत थरथरत राहतं. हळू ढकललं तर स्थिर राहतं, पण ०.४ मिलिसेकंदाचा ठोका संपेपर्यंत त्याचं शिकणं सुरूही झालेलं नसतं. सगळ्यांना एकच जोर लागू पडत नाही. उपद्रव कसा वागतो ते पाहून तो ठरवावा लागतो, आणि पुस्तकात न सापडणारा अभियंत्याचा अनुभव इथे कामी येतो.

दुसरी किंमतही आहे. मागच्या आकड्यांचे गुणाकार वजा करताना त्यांच्यातला आपलाच सिग्नल थोडा वजा होतो, म्हणजे आपल्याच आवाजाचे बारीक पडसाद उमटतात. यावर एक साधा उपाय आहे: फक्त मागचे आकडे न पाहता थोडं थांबून पुढचेही पाहायचे, आणि मधल्या आकड्याचा अंदाज दोन्ही बाजूंनी बांधायचा. पडसाद कमी होतात, थोडा उशीर होतो. मोबाइलच्या वेगात तो उशीर नगण्य आहे.

कप्पे करून पाहण्याची रीत आणि तिची खोड

दुसरी रीत जास्त सरळ आहे. प्रवाहाचे १०२४ आकड्यांचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याचं एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रीक्वेन्सी वेगळ्या करणारं गणित) काढा, म्हणजे तो १०२४ फ्रीक्वेन्सींच्या कप्प्यांत विभागला जाईल. रुंद सिग्नल सगळ्या कप्प्यांत थोडाथोडा असेल, उपद्रव दोन-चार कप्प्यांत डोंगरासारखा. सरासरीच्या कितीतरी वर गेलेले कप्पे शून्य करा आणि उलटं एफएफटी करून प्रवाह परत मिळवा. यात शिकण्याचा वेळ लागत नाही. एकाच वेळी पाच उपद्रव असले तरी हरकत नाही.

कागदावर हे निर्दोष दिसतं. प्रत्यक्षात उपद्रवाची फ्रीक्वेन्सी कप्प्याच्या बरोबर मध्यावर येईलच असं नाही. ती दोन कप्प्यांच्या मध्ये पडली तर डोंगराच्या दोन्ही अंगांना लांबच लांब उतार तयार होतात. एकूण गोंगाटापेक्षा ४० डेसिबल मोठा शुद्ध सूर १०२४ कप्प्यांत पाहिला, तर त्याच्या स्वतःच्या कप्प्यात तो तिथल्या गोंगाटापेक्षा ७० डेसिबल वर असतो, कारण गोंगाट १०२४ जागी वाटला गेला आणि सूर नाही. आणि त्याचे उतार इतक्या सावकाश उतरतात की सर्वांत लांबच्या कप्प्यातही ते गोंगाटाच्या वरच राहतात. १०२४ पैकी एकही कप्पा स्वच्छ नाही! अशा वेळी वरवरची दोन-चार टोकं छाटून काय साधणार?

म्हणून तुकड्याला एफएफटीआधी दोन्ही टोकांना हळूहळू शून्याकडे नेतात. याला विंडो लावणं म्हणतात. ब्लॅकमन नावाची विंडो लावली तर उतार पहिल्यापासूनच ५८ डेसिबल खाली जातात. डोंगर थोडा जाड होतो, दोनाऐवजी सहा-सात कप्पे छाटावे लागतात, आणि तुकड्यांच्या कडेला वाया गेलेला सिग्नल परत मिळवायला तुकडे एकमेकांवर अर्धे चढवून घ्यावे लागतात. गणनेचं काम दुप्पट होतं. माझ्या मते तेवढं काम करावंच. विंडोशिवाय कप्पे छाटणारे प्रयोग सिम्युलेशनमध्ये छान दिसतात, कारण तिथे उपद्रवाची फ्रीक्वेन्सी सोयीने कप्प्याच्या मध्यावर ठेवलेली असते.

ठाण्याहून माळशेज घाट चढून नारायणगावकडे गेलात तर खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लागते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. लाखो-कोटी प्रकाशवर्षांवरून आलेला क्षीण रुंद सिग्नल ऐकताना तिला टीव्ही, मोबाइल आणि विजेच्या तारांचा त्रास होतोच. तिथेही याच घराण्यातल्या युक्त्या वापरून उपद्रव छाटतात. फरक एवढाच की तिथे हवा असलेला सिग्नल मोबाइलपेक्षाही कितीतरी दुबळा.

वाट वाकडी करणं

फोरजी, फाइव्हजी आणि आजचं वायफाय हे सगळे सिग्नल मुळातच कप्प्यांचे बनलेले असतात. २० मेगाहर्ट्झच्या फोरजीत १५ किलोहर्ट्झ अंतराने १२०० बारीक कॅरियर असतात, बारा-बाराच्या गटांत. कोणत्या मोबाइलने कोणत्या गटात बोलायचं हे टॉवर दर मिलिसेकंदाला ठरवतो. त्यामुळे उपद्रवाशी झगडण्यापेक्षा त्याला वळसा घालणं सोपं पडतं. तो अमेरिकन कॉर्डलेस इथे शंभरपैकी दहाएक गट खराब करतो. टॉवर प्रत्येक गटातला गोंगाट मोजत असतोच, तो त्या गटांत कुणाला बसवत नाही. वेग कमी होतो, पण सेवा चालू राहते. थ्रीजीत ही सोय नव्हती, कारण तिथे प्रत्येक जण पूर्ण ५ मेगाहर्ट्झवर एकदमच बोलत असे. लोक फोरजीचं कौतुक वेगासाठी करतात, मला त्याचा हा गुण जास्त मोलाचा वाटतो.

ब्लूटूथने हेच २००३ च्या १.२ आवृत्तीत केलं. ते ७९ चॅनलांवर सेकंदाला १६०० उड्या मारतं. त्या आवृत्तीपासून ते खराब चॅनलांची यादी ठेवतं आणि उड्या मारताना ती टाळतं. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथमध्ये, म्हणजे मनगटावरची घड्याळं वापरतात त्यात, आपली हजेरी लावण्याचे तीन चॅनल २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झवर ठेवले आहेत. वायफायचे नेहमीचे चॅनल १, ६ आणि ११ मांडून पाहा: हे तिन्ही बरोबर त्यांच्या फटींत आणि कडेला बसतात. कुणीतरी नकाशा समोर ठेवून विचार केलेला दिसतो.

वायफायला अशी समज जरा उशिरा आली. जुन्या पद्धतीत ८० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला एक २० मेगाहर्ट्झचा तुकडा गजबजलेला असेल तर राउटर ४० किंवा २० वर यायचा, म्हणजे एका खड्ड्यासाठी अर्धा रस्ता बंद. वायफाय ७ मध्ये तेवढाच तुकडा वगळून उरलेले ६० वापरता येतात.

जिथे हुशारी चालत नाही

वरचं सगळं गणित सिग्नलचे आकडे झाल्यानंतरचं आहे. आकडे होण्याआधी सिग्नल अँटेनामागच्या अँप्लिफायरमधून आणि मग एडीसी नावाच्या मोजणी यंत्रातून जातो. उपद्रव तिथेच भारी पडला तर पुढच्या कोणत्याही अल्गोरिदमला काही करता येत नाही.

एडीसीचा प्रत्येक बिट साधारण ६ डेसिबलची ऐपत देतो. ८ बिट म्हणजे ५० डेसिबल. ४० डेसिबलचा उपद्रव पूर्ण मोजपट्टी व्यापून बसला की खाली आपल्या सिग्नलसाठी १० डेसिबल उरतात. चालून जाईल. पण स्वस्त जीपीएस रिसीव्हर एक-दोन बिटांवर भागवतात, कारण एरवी तेवढे पुरतात. त्यांच्यात जोरदार सूर शिरला की आकड्यांतून नुसता तो सूरच बाहेर येतो, उपग्रह कायमचा हरवतो. अँप्लिफायर त्याच्या मर्यादेबाहेर ढकलला गेला तर आणखी वाईट: दोन सूर एकत्र आले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नवे सूर जन्माला येतात, आणि जे हवेत नव्हतंच त्याला तुम्ही रिसीव्हरमध्ये शोधत बसता. बाजारात चोरून मिळणारे मोबाइल बूस्टर यासाठी कुप्रसिद्ध आहेत. आतली आणि बाहेरची अँटेना जवळ लावली की ते माइकसारखेच शिट्टी मारू लागतात आणि आसपासच्या टॉवरला बहिरं करतात. ते परवान्याशिवाय लावणं बेकायदा आहे, आणि ते तसंच असावं.

उपद्रव ठोक्याठोक्यांनी येत असेल तर यावर एक रांगडा पण नामी उपाय आहे: ठोका आला की तेवढा वेळ रिसीव्हरचे आकडे शून्य करायचे. नवी मुंबई विमानतळावर डिसेंबर २०२५ पासून विमानं उतरू लागली आहेत. विमान जमिनीवरच्या केंद्रापासून आपलं अंतर डीएमई नावाच्या यंत्रणेने मोजतं. या यंत्रणेचा पट्टा ९६२ ते १२१३ मेगाहर्ट्झ, आणि जीपीएसचा नवा एल-५ सिग्नल आणि नाविक या आपल्या उपग्रह यंत्रणेचा एक सिग्नल त्याच्याच आत, ११७६.४५ मेगाहर्ट्झवर. उंचावरच्या विमानाला एकाच वेळी अनेक केंद्रांचे ठोके ऐकू येतात. प्रत्येक ठोका साडेतीन मायक्रोसेकंदांचा. तेवढे क्षण पुसून टाकले तरी बाकीच्या वेळात उपग्रह पुरेसा ऐकू येतो. फ्रीक्वेन्सीत चिंचोळी असलेली गोष्ट कापून काढण्याऐवजी इथे वेळेत चिंचोळी असलेली गोष्ट कापली.

आणि उपद्रव एका दिशेने येत असेल तर दिशाही कापता येते. दोन अँटेनांचे सिग्नल योग्य प्रमाणात एकमेकांतून वजा केले तर एका दिशेचा आवाज शून्य होतो. चार अँटेनांनी तीन दिशा, याच हिशेबाने पुढे. फाइव्हजीच्या टॉवरवर ३२ किंवा ६४ चे संच असतात, त्यामुळे त्यांच्याकडे हे हत्यार भरपूर आहे. फोनच्या छोट्याशा अंगात फारशा अँटेना मावत नाहीत, म्हणून तिथे त्याचा उपयोग मर्यादित.

अल्ट्रा-वाइडबँडबद्दल थोडक्यात. अमेरिकेने २००२ मध्ये ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झ एवढा प्रचंड पट्टा त्यासाठी खुला केला, पण ताकद इतकी कमी ठरवली की ५ गिगाहर्ट्झचं शेजारचं वायफाय त्याच्यापुढे हत्ती ठरतं. फोन आणि गाड्यांच्या किल्ल्या बनवणाऱ्यांनी त्यातून व्यवहारी मार्ग काढला. ते साधारण ६.५ आणि ८ गिगाहर्ट्झचे चॅनल वापरतात आणि ५ गिगाहर्ट्झच्या वायफायच्या वस्तीत शिरतच नाहीत.

घरी करण्यासारखं थोडंच आहे, पण आहे. राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झसाठी ४० मेगाहर्ट्झ रुंदी निवडलेली असेल तर २० करा. वाशी-नेरुळच्या दाट इमारतींत रुंद पट्टा म्हणजे जास्त उपद्रव ओढवून घेणं. चॅनल १, ६ किंवा ११ पैकी एक ठेवा, मधलेच कुठले नको. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास गळतो. साध्या ओव्हनचा मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेच्या अर्ध्याच फेऱ्यात चालतो, म्हणजे १० मिलिसेकंद चालू, १० बंद, आणि वायफाय त्या बंद काळात आपली पॅकेट पुढे सरकवतं. म्हणून खिचडी गरम होताना व्हिडिओ कॉल अडखळतो, पण सहसा तुटत नाही. इन्व्हर्टरच्या ओव्हनचं चालू-बंद वेगळं असल्याने त्यात ही मोकळी फट नेमाने मिळेलच असं नाही. तो घेतला असेल तर लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर टाका.